धुळवडीला स्टार्टर काय करायचं? गूळ-चिंचेत घोळवलेले चिकनचे गोळे, पहिल्यापासून शेवटपर्यंत

धुळवडीला आमच्या लातूर-धाराशिवकडं मटणाचा रस्सा ठरलेलाच असतो, त्यात कुणी हात घालायचा नाही अन् मीही घालत नाही. प्रश्न असतो रश्श्याच्या आधीच्या दीड-दोन तासांचा. रंग खेळून, अंघोळी उरकून माणसं येऊन बसलेली, मटण अजून शिजायलंय, पोरं भूक भूक करायलीत, आणि मधी खायला काय तर चिवडा नाहीतर बाहेरून आणलेलं लालभडक चिकन सिक्स्टी फाईव्ह, जे घरी येईस्तोवर गारढोण झालेलं असतं. त्या वेळेसाठी हे गोळे आहेत. कोफ्ता म्हणा, मीटबॉल म्हणा, एका घासाचा चिकनचा गोळा, वरून गूळ, चिंच, लसूण अन् तिखटाचं चकचकीत ग्लेझ (म्हणजे गोळ्याला चिकटून बसणारा आटवलेला सॉस), टूथपिक टोचायची अन् तोंडात टाकायचा. धुळवडच पाहिजे असं नाही, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची कर, आखाड, थर्टी फर्स्ट, कशालाही चालतंय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे: गोळे वेगळे शिजवायचे, ग्लेझ वेगळं करायचं आणि दोघांची गाठ फक्त वाढायच्या आधी पाच मिनिटं घालायची. आपल्याला सवय रश्श्याची, म्हणून हात आपोआप कच्चे गोळे सॉसमध्ये सोडून झाकण ठेवायला जातो. तसं केलं की चिकनचं पाणी सॉसमध्ये उतरतं, सॉस पातळ होतो, तो आटवायच्या नादात गोळे कडक होतात आणि शेवटी हातात गोड आमटी येते.

हे प्रमाण पंधरा-सोळा माणसांचं, माणशी तीन गोळे धरून. पुढं जेवण आहे हे विसरू नका, स्टार्टरनं पोट भरवायचं नसतं.

चिकन आणणे

ब्रॉयलरच घ्या. गावरान कोंबडी रश्श्यात एक नंबर, पण गोळ्यांना नको, तिच्या अंगात चरबी कमी आणि मांस चिवट, खिमा केला तरी गोळा कोरडाच लागतो. ब्रॉयलरमधेही नुसतं ब्रेस्ट घेऊ नका. दुकानदार ब्रेस्टच काढून देतो कारण त्याला ते सोपं, पण आपल्याला लेगचं बोनलेस पाहिजे, मांडीकडचं. त्यात चरबी असते म्हणून दोन मिनिटं जास्त शिजलं तरी माफ करतं. एक किलो खिम्यात सातशे ग्रॅम लेग अन् तीनशे ब्रेस्ट हे मला बरं वाटतं, सगळं लेगचं घेतलं तर अजून मऊ. दीड किलो लेग तोलून घेतले की साधारण किलोभर बोनलेस निघतं. सरळ सांगायचं, "भाई, लेगचं काढा, चरबी थोडी राहू द्या, अन् खिम्याची मशीन एकदा धुवून घ्या." शेवटचं लाजू नका, आधी मटण निघालेलं असतं त्या मशीनमधून, त्याचा वास चिकनला लागतो. मशीनमधून एकदाच काढायचं. दोनदा काढलं की पेस्ट होते आणि गोळा रबरासारखा दातात उड्या मारतो.

सणाच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि गर्दीत खिमा करून द्यायला कुणी तयारही होत नाही, म्हणून आदल्या दिवशी आणा किंवा घरीच करा. घरी करायचं तर बोनलेसचे छोटे तुकडे ताटात पसरून फ्रीझरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा, अर्धवट कडक झाले की मिक्सरमध्ये थोडे थोडे टाकून दोन-तीन झटके द्यायचे, सलग फिरवायचं नाही. हाताशी कोयता किंवा जड सुरी असेल आणि पाट्यावर ठोकून बारीक करायची तयारी असेल तर त्याच्यासारखं काही नाही, पण धुळवडीच्या आदल्या रात्री एवढा दम कुणात असतो.

धुवायचं असलंच तर तुकडे असताना हलक्या पाण्यात धुवा, जोराच्या नळाखाली नको, ते पाणी ओट्यावर, भांड्यांवर सगळीकडं उडतं. खिमा झाल्यावर अजिबात धुवायचा नाही, त्याच्यात शिरलेलं पाणी परत निघत नाही.

मळणे

एक किलो खिम्याला लागणारं सामान असं: बारीक मीठ दोन सपाट चमचे (चहाचा चमचा), दोन मध्यम कांदे, आलं-लसूण-हिरवी मिरचीचा ठेचा दोन मोठे चमचे, मोठी मूठभर कोथिंबीर, काळा मसाला दोन छोटे चमचे (येसर घालणार असाल तर एकच), हळद अर्धा चमचा, मिरेपूड अर्धा चमचा, एक अंडं, दोन मोठे चमचे तेल किंवा पातळ केलेलं तूप, आणि बांधायला चार मोठे चमचे येसर. कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा बारीक चिरून घाला, वास काडीतच जास्त असतो, आणि लातूरच्या कास्ती कोथिंबिरीची जुडी मिळाली तर अर्धी पुरते.

येसर वाचून लोक थांबतील म्हणून सांगतो. बाकी सगळीकडं ब्रेडक्रम्स लिहिलेलं असतं, पण ब्रेडक्रम्सचं काम काय तर चिकनमधून सुटणारं पाणी धरून ठेवायचं, आणि ते काम भाजलेलं धान्य, डाळ अन् मसाले दळून केलेलं आपलं येसर नुसतं करत नाही तर वर चव पण देतं. लग्नाच्या येसर आमटीला जे दाटपण येतं ते त्याच गुणामुळं. घरात येसर नसेल तर फुटाण्याच्या डाळ्यांचं पीठ तेवढंच घ्या, तेही नसेल तर तीन ब्रेड स्लाईस चार चमचे दुधात भिजवून कुस्करून. कच्चं बेसन नको, आतून कच्चट लागतं. येसरात तिखट-मसाला असतोच, त्यामुळं ते वापरणार असाल तर काळा मसाला एकच चमचा टाका.

कांदा किसून घ्या, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मग पातळ फडक्यात घालून घट्ट पिळा. निघालेलं पाणी फेकू नका, मटणाच्या भांड्यात ढकला. कांदा न पिळता घातला की गोळे तव्यावर बसतात, म्हणजे खाली सपाट होतात, आणि मग माणूस वरून पीठ वाढवत जातो, पीठ वाढलं की चिकन कमी अन् भजी जास्त.

आता क्रम महत्त्वाचा. गार खिमा परातीत घ्या, त्यात फक्त मीठ घाला आणि दोन मिनिटं हातानं चांगला रगडा. खिमा हाताला चिकटायला लागतो, तार धरल्यासारखा होतो. मिठानं चिकनमधलं प्रोटीन सुटतं आणि तेच गोळ्याला आतून बांधून ठेवतं, अंडं अन् पीठ नंतरचे मदतनीस. एवढं झालं की बाकी सगळं एकदम टाका, अलगद मिसळा आणि थांबा. सगळं घातल्यावर पण कणकेसारखं मळत बसायचं नाही, गोळा घट्ट होतो. खिमा पूर्ण वेळ गार पाहिजे, आपल्याकडं मार्चात दुपारी पारा ३५ च्या पुढं असतो, स्वयंपाकघरात त्याहून जास्त, चरबी हातातच वितळते. म्हणून हे काम सकाळी लवकर नाहीतर रात्री.

मिश्रण झालं की सुपारीएवढा तुकडा तव्यावर टिक्कीसारखा चपटा भाजून खाऊन बघा. मीठ-तिखट इथंच कळतं. कच्चा खिमा जिभेला लावून चव बघायची सवय असेल तर ती सोडा, चिकनच्या बाबतीत ते बरं नाही. वरून ग्लेझ गोड-आंबट येणार आहे, त्यामुळं टिक्की थोडी जास्तच तिखट लागली पाहिजे, आत्ता बरोबर लागली तर ताटात फिकी लागणार.

मग झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. नंतर हाताला तेल लावून पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे गोळे, पहिला काट्यावर तोलून घ्या, मग अंदाज बसतो. पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान होतात. मोठे करायचा मोह होतो पण टूथपिकचा पदार्थ एका घासातच जायला पाहिजे, दोन घासांचा झाला की अर्धा शर्टावर.

शिजवणे

मला विचाराल तर आप्पेपात्र. घरोघरी असतंय, गोळा त्यात गोलच राहतो, तेल नखभर लागतं, आणि एका वेळी बारा निघतात. खाचेत थेंब-दोन थेंब तेल, पात्र तापलं की गोळे ठेवायचे, मध्यम आचेवर झाकून तीन-चार मिनिटं, उलटायचे, परत तीन-चार मिनिटं, मग झाकण काढून मिनिटभर सगळीकडून रंग येईपर्यंत फिरवायचे. शेजारणीकडून दुसरं पात्र आणलं तर दोन शेगड्यांवर अर्ध्या तासात सगळे होतात. ओटीजी म्हणजे छोटा इलेक्ट्रिक ओव्हन असेल तर २०० अंशाला आधी तापवून चौदा ते सोळा मिनिटं, एअर फ्रायरमध्ये १९० ला दहा-बारा, मधी एकदा हलवून. तळायचे तर मध्यम तापलेल्या तेलात चार-पाच मिनिटं, पण तळलेल्या गोळ्यावर ग्लेझ नीट बसत नाही, तेलावरून घसरतं, आधी कागदावर चांगले निथळू द्या.

झाले का हे कसं ओळखायचं? गोळ्याच्या मध्यात ७४ अंश सेल्सिअस झालं की चिकन सुरक्षित शिजलं, हा आकडा जगभर वापरतात. टोचायचा थर्मामीटर ऑनलाईन मिळतो, महाग नाही, आणि एकदा घेतला की मटण-चिकन सगळ्यालाच कामी येतो. नसेल तर घाण्यातला सगळ्यात मोठा गोळा मधोमध कापा, आत गुलाबी काही दिसायला नको आणि पाणी स्वच्छ निघायला पाहिजे. नुसत्या बाहेरच्या रंगावर जाऊ नका, येसरामुळं बाहेरून लवकर लाल होतात.

कच्च्या चिकनचं ताट, चमचा, परात, हे सगळं वेगळं, शिजलेले गोळे त्याच ताटात परत ठेवायचे नाहीत. गडबडीत हेच होतं.

ग्लेझ

इथं जरा वेळ द्या. साहित्य थोडंच: दीडशे ग्रॅम गूळ, पन्नास-साठ ग्रॅम चिंच, दहा-बारा लसूण पाकळ्या एकदम बारीक चिरून, रंगाचं लाल तिखट दोन छोटे चमचे, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, पाव चमचा मीठ, सोया सॉस एक मोठा चमचा (नसला तरी अडत नाही, मीठ जरा वाढवा), एक मोठा चमचा लोणी आणि भाजलेले तीळ.

चिंच आपल्या लातूर जिल्ह्यातलीच घ्या की. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, गर भरपूर असतो, पण नवी लाल चिंच कुठलीही चालते. जुनी काळी पडलेली घेतली तर ग्लेझ काळं होतं, दिसायला बरं नाही. कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून कोळ काढा, गाळून अर्धी वाटी दाट कोळ पाहिजे. गूळ अर्धी वाटी गरम पाण्यात विरघळवून तोही गाळायचा, बाजारातल्या गुळात काड्या, वाळू असतेच आणि चकचकीत ग्लेझमध्ये दाताखाली कचकच आली की सगळी मेहनत पाण्यात. गूळ तांबूस-काळसर घ्या, पिवळाजर्द दिसायला छान पण बऱ्याचदा खारट निघतो आणि रंगही येत नाही.

जाड बुडाच्या पसरट कढईत चमचाभर तेल, मंद आचेवर लसूण टाका, पिवळसर झाला की थांबायचं, तांबूस झाला की कडवट. आच बंद करून तिखट टाका, दोनदा हलवा, लगेच गुळाचं पाणी आणि चिंचेचा कोळ ओता, आच परत चालू, सोया, मीठ, जिरेपूड. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं उकळू द्या. सुरुवातीला फेस मोठा अन् मोकळा असतो, पाणी कमी होत जाईल तसे बुडबुडे छोटे, जाड, सावकाश फुटणारे होतात. चमचा बुडवून उलटा धरा, पाठीवर बोट ओढा, रेघ तशीच राहिली की आच बंद. इथं थोडं पातळच बरं, कारण गार होताना घट्ट होतं आणि पुढं गोळ्यांबरोबर परत आचेवर जाणारच आहे. चिंचेच्या आंबटपणाचा अजून एक फायदा असा की गुळाचे खडे परत धरत नाहीत, पाक रवाळ होत नाही. चुकून जास्त आटलंच तर दोन चमचे गरम पाणी, काही बिघडत नाही. कॉर्नफ्लॉवर घालायची गरज नाही, ते घातलं की चायनीजच्या गाडीवरची ग्रेव्ही वाटायला लागते.

कुणी म्हणेल मोसंबीचा रस घालू का, जालन्या-संभाजीनगरकडं तर घराघरात मोसंबी. रस पिऊन टाका, आटवू नका. मोसंबीचा रस तापला की कडवट होतो, ताजा असताना गोड लागला तरी. मे महिन्यात पार्टी असेल तर केशर आंब्याचा घट्ट रस पाऊण वाटी घ्या, गूळ निम्मा करा, चिंच तेवढीच, ते झकास लागतं.

गाठ घालणे

पाहुणे आले, हातात पाण्याचे ग्लास गेले, की मग कढईतलं ग्लेझ मंद आचेवर गरम करा. गोळेही गरमच पाहिजेत, फ्रीजमधले असतील तर आधी आप्पेपात्रात किंवा ओव्हनमध्ये आतपर्यंत तापवून घ्या. गोळे ग्लेझमध्ये टाका आणि झाऱ्यानं ढवळत बसू नका, कढईच धरून हलवा, गोळे घरंगळले पाहिजेत. दोन-तीन मिनिटांत ग्लेझ सगळ्यांना चिकटतं आणि कढईत तळाला जवळपास काही उरत नाही. आच बंद करून लोणी टाका, परत एकदा हलवा, खरी चकाकी या लोण्यानं येते, पण आचेवर घातलं तर लोणी फुटून तेल वेगळं तरंगतं. वरून तीळ, कोथिंबीर.

पन्नासच्या पन्नास एकदम करू नका. निम्मे आधी, ताट रिकामं व्हायला आलं की उरलेले. गूळ गार झाला की टूथपिक निघत नाही. बरोबर कांद्याच्या चकत्या, काकडी, लिंबू एवढं पुरे. ज्वारीची भाकरी पातळ करून तव्यावर कडक भाजून तिचे तुकडे ठेवले तर लोक तळाचं ग्लेझ त्यानं पुसून खातात, कढई धुवायचं काम वाचतं.

शाकाहारी माणसं असणारच. कुणी माळकरी, कुणाचा वार, थर्टी फर्स्ट गुरुवारी आला तर निम्मी बैठकच. त्यांना फरसाण देऊन बसवू नका, चिकनला हात लावायच्या आधीच ग्लेझचा तिसरा हिस्सा वेगळ्या भांड्यात काढून ठेवा आणि पनीरचे चौकोनी तुकडे तव्यावर परतून त्यात घोळवा. कढई वेगळी, झारा वेगळा, टूथपिकचा रंग वेगळा, आणि ताट देताना तोंडानं सांगा की हे कशाचं आहे. दिसायला दोन्ही सारखेच लाल असतात.

वेळेचं गणित असं बसवा. ग्लेझ चार-पाच दिवस आधी करून बरणीत फ्रीजमध्ये ठेवलं तरी काही होत नाही, गूळ अन् चिंच दोन्ही टिकाऊ. खिमा आदल्या दिवशी आणून त्याच संध्याकाळी गोळे शिजवून टाका, पसरट डब्यात एका थरात गार करून फ्रीजला. कच्चे गोळे करून रात्रभर ठेवले तरी चालतात, पण सकाळी रंग खेळायचा असतो तेव्हा शिजलेले असलेले बरे. आठवडाभर आधीच उरकायचं असेल तर कच्चे गोळे ताटात सुटे सुटे फ्रीझ करा, कडक झाले की पिशवीत भरा, आणि वापरायच्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढा, ओट्यावर वितळवू नका. लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडून बघत बसायचं नाही, बंद ठेवलं तर आतला गारवा साधारण चार तास धरतो. त्याच्यापुढं लाईट आली नाही तर शेजारी कुणाकडं इन्व्हर्टरवर फ्रीज चालत असेल तिथं डबा पोचवा.

वाढलेलं ताट उन्हाळ्यात बाहेर तासभराच्या वर ठेवू नका, अंगणात मांडव असला तरी. थंडीत, थर्टी फर्स्टला, दोन तास चालतील. उरलेले लगेच डब्यात घालून फ्रीजला, दुसऱ्या दिवशी तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकून वाफेवर गरम करा, चपातीत कच्चा कांदा अन् चार गोळे ठेचून गुंडाळी केली की पोरांचा डबा झाला. तिसऱ्या दिवसापर्यंत संपवा.